वस्ती, मजुरी आणि मत : अमेरिकन महानगरांच्या अभ्यासाची प्रस्तावना

न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने डिसेंबर २०२१ मध्ये एक कायदा मंजूर केला. शहरात किमान तीस दिवस राहिलेल्या आणि ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना असलेल्या परदेशी रहिवाशांना महापौर, नगरसेवक यांसारख्या शहरापुरत्या निवडणुकांत मत देता येईल, अशी त्यात तरतूद होती. आठ लाखांहून अधिक माणसांना मताचा हक्क मिळणार होता. प्रत्यक्षात एकालाही मिळाला नाही. स्टेटन आयलंडमधील न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा अडवला. पुढे न्यूयॉर्क राज्याची घटना मताचा हक्क फक्त नागरिकांना देते असे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निकालात काढला.

वर्तमानपत्रांच्या लेखी बातमी तिथे संपली. अभ्यासकाचे काम तिथून सुरू होते. ही आठ लाख माणसे कोण? हॉटेलात भांडी घासणारे, आजारी म्हाताऱ्यांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या बायका, टॅक्सीवाले, आणि त्यांच्याच जोडीला बँकेतले विश्लेषक, विद्यापीठातले संशोधकही. ही माणसे भाडे भरतात आणि त्या भाड्यातून घरमालक आपली घरपट्टी भरतो. विक्रीकर त्यांना चुकत नाही, आयकरही बहुतेकांना चुकत नाही. मुले शहराच्याच शाळांत जातात. शहराचा गाडा ज्यांच्या कष्टांवर चालतो आणि शहराचा कारभार ज्यांच्या मतांवर चालतो, त्या दोन समूहांत मोठे अंतर आहे. स्थलांतर, विषमता आणि राजकारण हे तीन शब्द एकत्र घेऊन अभ्यास का करायचा, याचे माझे उत्तर या अंतरात आहे.

हे सांगावे लागते, कारण विद्यापीठांत या तिन्हींची दालने वेगवेगळी आहेत. स्थलांतरितांची दुसरी पिढी शाळेत कशी रमली हे समाजशास्त्रज्ञ पाहतो, मजुरी किती वाढली हे अर्थतज्ज्ञ, आणि कोण निवडून आला हे राज्यशास्त्रज्ञ. प्रत्येकाचे उत्तर आपल्या जागी बरोबर असते आणि तरी शहर हाती लागत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी या तीन दालनांमधल्या भिंती कुठे आहेत ते पाहावे आणि मग त्या बिनदिक्कत ओलांडाव्यात. कोणी रागावत नाही. उलट या क्षेत्रातली उत्तम पुस्तके अशा घुसखोरीतूनच आली आहेत.

आधी मोजणीचे गणित. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिच्यात रहिवासी मोजले जातात, नागरिक नव्हेत. पाळण्यातले मूल, तुरुंगातला कैदी, व्हिसा संपूनही राहिलेला कामगार, प्रत्येक जण एक. मतदारसंघांच्या सीमा सर्वसाधारणपणे याच आकड्यांवर आखतात. टेक्ससमधील दोघा मतदारांनी याला हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की मतदारच मोजा, नाहीतर आमच्या मताला दुसऱ्या मतदारसंघातल्या मतापेक्षा कमी वजन येते. ‘इव्हनवेल विरुद्ध ॲबट’ या २०१६ च्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एकूण लोकसंख्येवर सीमा आखण्याची राज्यांना पूर्ण मुभा आहे, असा निर्वाळा दिला. त्यामुळे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एखाद्या स्थलांतरितबहुल प्रभागात आणि मॅनहॅटनच्या श्रीमंत प्रभागात माणसे जवळपास सारखी असतात, पण मतदार सारखे नसतात.

याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. वस्ती मोजली जाते म्हणून तिला जागा मिळते, शाळेचा निधी मिळतो, वजन मिळते. पण त्या जागेवर कोण बसणार हे त्या वस्तीतले थोडे मतदार ठरवतात, आणि ते बहुधा आधीच्या लाटेतले असतात: वय झालेले, स्वतःचे घर असलेले, पक्षाच्या स्थानिक क्लबात उठबस असलेले. नवा रहिवासी भाडेकरू असतो, जुना मतदार घरमालक. दोघांचा प्रतिनिधी एकच. भाडेनियंत्रणापासून रस्त्यावरच्या ठेल्यांपर्यंत प्रत्येक प्रश्नावर हा प्रतिनिधी कोणाचे ऐकेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालण्याचा केंद्र सरकारचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रोखला, तेव्हा त्यावर एवढे रान का पेटले होते तेही यातून कळते. घाबरलेली माणसे अर्जच भरणार नाहीत आणि शहरांच्या वाट्याच्या जागा व पैसा दोन्ही कमी होतील, ही भीती होती.

‘परदेशी माणसाला मत’ ही कल्पना आज अनेक अमेरिकनांना अघटित वाटते. इतिहास तसे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांत, विशेषतः मनुष्यबळाची गरज असलेल्या पश्चिमेकडच्या राज्यांत, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या गोऱ्या पुरुषांना मत देता येत असे. ही सवलत अखेरीस अर्कान्सासमध्ये १९२६ साली संपली. खुद्द न्यूयॉर्कमध्ये परदेशी पालक स्थानिक शाळा-मंडळांच्या निवडणुकांत मत देत असत. २००२ च्या कायद्याने ती मंडळेच गुंडाळली गेली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये मतदारांचा कौल घेऊन शाळा-मंडळापुरता असा हक्क दिला, आणि मेरीलँडमधल्या टाकोमा पार्क या छोट्या गावात १९९२ पासून परदेशी रहिवासी स्थानिक निवडणुकांत मत देत आहेत. मताची रेघ कुठे मारायची हे प्रत्येक पिढीने नव्याने ठरवले आहे.

आता या अभ्यासाच्या उगमाकडे. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये छापले गेले. अमेरिकेची राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांचा एवढा बारकाईने वेध घेणारे दुसरे पुस्तक मराठीत तोवर नव्हते. योगायोग असा की त्याच वर्षी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावर जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल-हाउस सुरू केले. आजूबाजूच्या इटालियन, ज्यू, बोहेमियन, आयरिश वस्तीत सुशिक्षित बायकांनी जाऊन राहायचे, पाळणाघर चालवायचे, वर्ग घ्यायचे, अशी ती संस्था. तिथल्या रहिवाशांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेले नकाशे आजही समोर धरून बघावेत असे आहेत. एका नकाशात प्रत्येक घराला राष्ट्रीयत्वाचा रंग दिला आहे, दुसऱ्यात कुटुंबाच्या आठवड्याच्या कमाईचा. दोन्ही शेजारी ठेवले की कोणत्या देशाची माणसे कोणत्या कमाईवर, रस्त्याच्या कोणत्या अंगाला आणि मागच्या बोळातल्या कोणत्या घरात राहतात हे डोळ्यांपुढे उभे राहते. स्थलांतर आणि विषमता यांचा एकत्र अभ्यास कसा करायचा, याचा धडा त्या बायकांनी कोणत्याही विद्यापीठ विभागाच्या आधी घालून दिला होता.

दुसरा पाया फिलाडेल्फियात घातला गेला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून कृष्णवर्णीयांची माहिती गोळा केली आणि १८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ प्रसिद्ध केले. त्यात दक्षिणेकडून आलेली माणसे आहेत, त्यांना नाकारलेली कामे आहेत, जास्त भाडे घेऊन दिलेल्या वाईट खोल्या आहेत आणि मतांचा बाजारही आहे. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांचे ‘द सिटी’ १९२५ चे. बर्जेसने शहराची एकात एक अशी वर्तुळे काढली: मध्ये बाजारपेठ, भोवती पडझडीचा पट्टा, तिथे नवे स्थलांतरित, आणि मग जसजसे बरे दिवस येतील तसतशी बाहेरच्या वर्तुळांकडे सरकणारी कुटुंबे. पुढची काही दशके पाठ्यपुस्तकांवर या वर्तुळांचे राज्य राहिले. ती देखणी आहेत, आणि तीच त्यांची अडचण. शहर जणू रानासारखे आपोआप वाढते, एक जात जाते आणि दुसरी येते, असा त्यांचा सूर आहे. कोणत्या वस्तीला कर्ज द्यायचे आणि कोणत्या वस्तीभोवती लाल रंग भरायचा हे १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर माणसांनीच ठरवले, हे त्या सुरात बसत नाही. वस्त्या माणसेच घडवतात हे पार्कच्या आधी पाव शतक ड्युबॉइसना दिसले होते. त्यांना या शास्त्राच्या संस्थापकांत जागा मिळायला मात्र जवळपास शंभर वर्षे गेली.

राजकारणाचा धागा टॅमनी हॉलपासून सुरू होतो. ही न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना, भ्रष्टाचारासाठी जगप्रसिद्ध. तिचा एक वॉर्डपातळीवरचा पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट. त्याच्या गप्पा विल्यम रिऑर्डन या पत्रकाराने १९०५ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. त्यात त्याच्या एका दिवसाचा पाढा आहे. रात्री दोनला दारावरची घंटा वाजते, कोणाला तरी जामिनावर सोडवायचे असते. पहाटे सहाला आगीचे बंब ऐकून हा घटनास्थळी हजर, बेघर झालेल्यांना कपडे आणि तात्पुरते घर. सकाळी न्यायालयात दारू पिऊन पकडलेल्यांची रदबदली. मग घराबाहेर काढल्या जाणाऱ्या एका कुटुंबाचे भाडे. दुपारी एका इटालियनाची अंत्ययात्रा, मग एका ज्यू मतदाराची. संध्याकाळी चर्चची जत्रा, रात्री ज्यू लग्नाचा स्वागतसमारंभ, वधूचा आहेर आधीच पोचवलेला. मध्यरात्री अंथरुणात.

हे वाचून कोणालाही प्लंकिटविषयी माया वाटेल, आणि अनेक अभ्यासकांना ती वाटली. परक्या देशात आलेल्या गरिबाला राजकारणात ओढून घेणारे यंत्र, अशी टॅमनीची प्रतिमा त्यातून तयार झाली. मला ती पुरती पटत नाही. स्टीव्हन एरी यांनी १९८८ च्या ‘रेनबोज एंड’मध्ये दाखवले की आयरिश पुढाऱ्यांची पकड एकदा घट्ट झाली की नंतर आलेल्या इटालियन आणि ज्यू लोकांना नागरिक करून मतदार बनवण्याचा उत्साह मावळे. सत्ता टिकवायला जेवढी मते लागत तेवढी मिळाली की पुरे. जास्त मतदार म्हणजे नोकऱ्या मागणारे जास्त हात. दुसरीकडे, यंत्र मोडायला निघालेले सुधारकही गरिबांचे कैवारी नव्हते. मतदारनोंदणीच्या जाचक अटी, वॉर्डाऐवजी अख्ख्या शहरातून नगरसेवक निवडणे, राष्ट्रीय निवडणुकीपासून वेगळ्या वर्षी शहराची निवडणूक घेणे, या त्यांच्या सुधारणांनी भ्रष्टाचार किती घटला हा वाद चालू राहील. गरिबांचे मतदान घटले हे नक्की.

परदेशातून येणाऱ्यांसाठी दारे १९२४ च्या कायद्याने बहुतांशी बंद झाली. चिन्यांसाठी ती १८८२ पासूनच बंद होती. मजूर मात्र लागतच होते, आणि ते दक्षिणेतून आले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. मराठी वाचकाला इथे सावध करायला हवे. मुंबईत बाहेरून येणाऱ्यांवरून होणारे वाद आपल्या ओळखीचे, म्हणून अमेरिकन स्थलांतर वाचताना मन लगेच तिकडे धावते. पण मुंबईला आलेला बिहारी किंवा कोकणी माणूस नागरिक म्हणूनच येतो. त्याची तुलना करायचीच असेल तर ती मिसिसिपीहून शिकागोला गेलेल्या कुटुंबाशी करावी, मेक्सिकोहून आलेल्याशी नव्हे. मिसिसिपीच्या माणसाला शिकागोत मत मिळाले. घर, शाळा आणि नोकरी मिळवताना अडवले गेले. त्याच्यानंतर आलेल्यांचा क्रम अनेकदा उलटा आहे: काम लगेच मिळते, मत मिळत नाही किंवा खूप उशिरा मिळते.

या दोन प्रवाहांची गाठ १९६५ मध्ये पडली, आणि या विषयात एकच वर्ष पाठ करायचे असेल तर ते हेच. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये लिबर्टी बेटावर अध्यक्ष जॉन्सन यांनी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली आणि राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. पहिला कायदा कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे फळ. दुसरा देशाचा चेहरामोहरा एवढा बदलेल असे तो करणाऱ्यांनाही वाटले नव्हते. देशातील परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण १९७० मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली होते, आज ते चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात आहे. न्यूयॉर्क शहरात तर एक तृतीयांशाहून अधिक. मतदान हक्क कायद्याचे संरक्षण १९७५ मध्ये स्पॅनिश भाषकांसारख्या भाषिक अल्पसंख्याकांनाही मिळाले. म्हणजे एका कायद्याने माणसे आणली आणि दुसऱ्याने त्यांना मतदारसंघ मागायचे हत्यार दिले. न्यूयॉर्कच्या कारभाराची जुनी रचना सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये घटनाबाह्य ठरवली, तेव्हा नवी सनद लिहिताना नगरसेवकांची संख्या ३५ वरून ५१ केली गेली, आणि ती करताना अल्पसंख्याक वस्त्यांना जागा मिळाव्यात हा हेतू उघड होता.

नगरसेवक किती, हा प्रश्न कंटाळवाणा वाटेल. तो तसा नाही. शिकागोत २७ लाख लोकांसाठी ५० नगरसेवक आहेत. लॉस एंजेलिसमध्ये ३८-३९ लाखांसाठी १५. शिकागोत एखादी मेक्सिकन किंवा पोर्तोरिकन वस्ती आपल्या बळावर माणूस निवडून आणू शकते. लॉस एंजेलिसमध्ये अडीच लाखांचा मतदारसंघ जिंकायला पैसा, संघटना आणि दुसऱ्या समाजाशी युती लागते. जागा कमी असल्या की एकाला मिळालेली जागा दुसऱ्याच्या ताटातून काढलेली वाटते. लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेच्या अध्यक्षांना ऑक्टोबर २०२२ मध्ये राजीनामा द्यावा लागला तो गुपचूप ध्वनिमुद्रित झालेल्या अशाच एका बैठकीमुळे: मतदारसंघांच्या सीमा कशा आखाव्यात, लॅटिनो जागा कशा वाढवाव्यात याची चर्चा, आणि तिच्यात कृष्णवर्णीयांबद्दल व इतरांबद्दल अत्यंत हीन शब्द. शहरात लॅटिनो जवळपास निम्मे आणि पंधरांपैकी जागा तेव्हा चार. शब्दांचा निषेध सर्वांनी केला, तो योग्यच होता. या आकड्यांकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

याच शहराने दुसरी एक गोष्ट शिकवली आहे. उंच इमारतींतली रात्रीची झाडलोट एकेकाळी संघटित आणि बऱ्या पगाराची नोकरी होती, आणि तिथे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. १९८० च्या दशकात इमारतमालकांनी ते काम कंत्राटदारांकडे दिले, संघटना मोडली, पगार घसरले, जुने कामगार निघून गेले आणि त्या जागी मध्य अमेरिका व मेक्सिकोतून आलेले लोक लागले. ‘स्थलांतरितांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या’ हे वाक्य या घटनाक्रमातले शेवटचे पान आधी वाचून तयार होते. रूथ मिल्कमन यांनी ‘एल. ए. स्टोरी’ (२००६) मध्ये हा क्रम नीट लावून दिला आहे: आधी नोकरी बिघडली, मग नवे लोक आले. पुढे हेच झाडूवाले ‘जस्टिस फॉर जॅनिटर्स’ या चळवळीत उतरले. १५ जून १९९० रोजी सेंच्युरी सिटीत पोलिसांनी त्यांच्या मोर्चावर लाठ्या चालवल्या, आणि त्यानंतर करार झाला. कागदपत्रे नसलेल्यांना शाळा व दवाखाने बंद करू पाहणारा ‘प्रपोझिशन १८७’ हा ठराव कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९४ मध्ये मंजूर केला. न्यायालयाने तो अडवला, पण धक्का बसायचा तो बसला. नागरिकत्वासाठी रांगा लागल्या, कामगार संघटनांनी नव्या मतदारांना हाताशी धरले, आणि २००५ मध्ये अँटोनियो व्हिलारायगोसा महापौर झाले; १८७२ नंतरचे पहिले लॅटिनो महापौर.

न्यूयॉर्कमधले तोलामोलाचे उदाहरण टॅक्सीचे आहे. पिवळी टॅक्सी चालवायला बॉनेटवर एक धातूचा बिल्ला लागतो, मेडॅलियन. १९३७ च्या कायद्याने या बिल्ल्यांची संख्या बांधून टाकली. आयरिश, ज्यू, इटालियन चालकांनंतर बांगलादेशी, पाकिस्तानी, पंजाबी, हैतीयन, आफ्रिकी चालक आले, आणि मेडॅलियन विकत घेणे म्हणजे म्हातारपणाची सोय असे त्यांना सांगितले गेले. सांगणाऱ्यांत शहरही होते. ते स्वतः मेडॅलियनचे लिलाव करून तिजोरी भरत होते. किंमत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर गेली. मग मोबाईलवरून गाड्या बोलावण्याचे दिवस आले, किंमत कोसळली, आणि बारा-चौदा तास गाडी चालवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर काही लाख डॉलरचे कर्ज उरले. २०१८ मध्ये चालकांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्सने भैरवी देसाई यांच्या नेतृत्वाखाली २०२१ च्या शरदात सिटी हॉलसमोर ठाण मांडले, पंधरा दिवस उपोषण केले आणि शहराच्या हमीवर कर्ज १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आणून घेतले. नियम करणारे, लिलाव करणारे आणि फायदा घेणारे एकच असतील तर बाजार कशाला म्हणायचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात विचारून पाहावा.

त्या उपोषणात बसलेले क्वीन्सचे तरुण आमदार झोहरान ममदानी नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. जन्म कंपालाचा, नागरिकत्व २०१८ चे. वीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. एवढे १९६९ नंतर झाले नव्हते. पण याला सरसकट ‘स्थलांतरितांचा विजय’ म्हणणाऱ्यांना मी नकाशा उघडायला सांगेन. जूनच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ब्राँक्सच्या आणि ब्रुकलिनच्या अनेक गरीब कृष्णवर्णीय वस्त्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे होत्या, आणि ममदानींच्या मागे भाड्याने पिचलेले सुशिक्षित तरुण मोठ्या संख्येने होते. नोव्हेंबरात चित्र पुष्कळ बदलले. भाडेकरू ही ओळख वंश आणि जन्मदेश यांच्यावर मात करते का, करत असेल तर किती काळ, हा आज या विषयातला सर्वांत ताजा वाद आहे.

घराचा प्रश्न उघडला की गोष्टी आणखी गुंततात. ‘आयडा’ वादळाचा पाऊस १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्कवर कोसळला. शहरात तेरा माणसे मेली, त्यांपैकी अकरा तळघरांतल्या खोल्यांत, बहुतेक क्वीन्समध्ये. या खोल्या पालिकेच्या दप्तरी घर म्हणून नसतात. तपासणी नाही, दुसरे दार नाही, आणि तक्रार केली तर भाडेकरूचेच बिऱ्हाड रस्त्यावर. वर राहणारा घरमालक पुष्कळदा स्वतः स्थलांतरित असतो; तळघराच्या भाड्याशिवाय त्याचा कर्जाचा हप्ता निघत नाही. गरीब-श्रीमंत, देशी-परदेशी अशा दोन रकान्यांत ही दोन कुटुंबे बसवता येत नाहीत.

शहराने ठरवले तर हे बदलता येईल का? पॉल पीटरसन यांनी ‘सिटी लिमिट्स’ (१९८१) मध्ये थंडपणे नाही म्हटले: गरिबांसाठी कर वाढवला की पैसेवाला हद्दीबाहेर घर घेतो, म्हणून शहरे वाढीच्या मागे धावतात. त्यांचा युक्तिवाद मला अर्धाच मान्य आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. शहराच्या डोक्यावर राज्य असते; न्यूयॉर्कचे भाड्याचे कायदे आणि भुयारी रेल्वे दोन्ही राज्याच्या राजधानीच्या, ऑल्बनीच्या हाती. त्याच्यावर केंद्र. टेक्ससच्या गव्हर्नरने २०२२ पासून आश्रयार्थींच्या बसगाड्या उत्तरेकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्कमध्ये थोड्या वर्षांत दोन लाखांहून अधिक लोक आले, तेव्हा बेघराला निवारा देण्याचे १९८१ च्या न्यायालयीन तडजोडीने आलेले बंधन शहराने पाळले, कुरकुरत पाळले. खर्च शहराचा, कामाचा परवाना द्यायचा अधिकार वॉशिंग्टनचा.

मराठी माणसाचे या साऱ्याशी नाते थोडे तिरके आहे. आपले बहुतेक लोक न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या उपनगरांत राहतात, आणि शहर त्यांना ट्रेनच्या खिडकीतून किंवा कचेरीच्या मजल्यावरून दिसते. आपल्या अमेरिकाविषयक लेखनातही म्हणून शहरातला गरीब क्वचितच येतो. पण एक मराठी नाव या विषयाच्या थेट मध्यभागी आहे. बेळगावकडे वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे घरोघरी पोचलेले श्री ठाणेदार २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात पक्षांतर्गत निवडणूक जिंकले आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले. आपल्याकडे अभिमानाच्या बातम्या आल्या. डेट्रॉइटमध्ये दुसरी चर्चा होती. तीन-चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराचा १९५५ पासून प्रथमच एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नव्हता. नव्या सीमांमुळे मतदारसंघ उपनगरांत पसरला होता, रिंगणात नऊ उमेदवार होते, मते फुटली, ठाणेदारांनी स्वतःचा पैसा ओतला आणि सुमारे २८ टक्क्यांवर ते ती पक्षांतर्गत निवडणूक जिंकले. यात बेकायदा काही नाही. तरी वस्तीचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न या वेळी आपल्या माणसाला लागू होतो, आणि तो आपणही विचारायला हवा.

वाचनाची सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. रॉजर सॅन्जेक यांच्या ‘द फ्यूचर ऑफ अस ऑल’ (१९९८) पासून करावी. क्वीन्सच्या एल्महर्स्ट-कोरोना भागात कचरा, पार्किंग, भरून वाहणारे शाळांचे वर्ग अशा कारणांवरून जुने गोरे रहिवासी, लेफ्रॅक सिटीतले कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिका व आशियातून आलेले शेजारी एका टेबलाशी कसे बसू लागले, याची ती संथ, सभावृत्तांतांनी भरलेली हकिगत आहे. कंटाळा येईल, येऊ द्यावा, वॉर्डाचे राजकारण असेच असते. मग ड्युबॉइस. त्यानंतर कॅसिनिट्झ, मोलेनकॉफ, वॉटर्स आणि होल्डावे यांचे ‘इनहेरिटिंग द सिटी’ (२००८), दुसऱ्या पिढीविषयी थोडे आशावादी, पण कामात चोख. विल्यम ज्युलियस विल्सन यांचे ‘द ट्रूली डिसॲडव्हान्टेज्ड’ (१९८७) आणि सास्किया सासेन यांचे ‘द ग्लोबल सिटी’ (१९९१) एकापाठोपाठ वाचावीत, कारण एकात शहरातून गेलेल्या कारखान्यांमागे राहिलेले बेरोजगार आहेत आणि दुसऱ्यात त्याच शहरात आलेल्या वित्तसंस्था व त्यांची झाडलोट, रांधणे-वाढणे करणारे नवे मजूर. बर्जेसची वर्तुळे सगळ्यात शेवटी पाहावीत. तोवर ती कुठे कुठे तुटतात हे वाचकाला स्वतःच दाखवता येईल.